पुढचा शब्द

"काका, तुम्ही बोलू नका."

उंच खुर्चीवरचे अंपायर माझ्याकडे बघून म्हणाले, आणि तेही चक्क मराठीत. मी मागे वळून पाहिलं. दुसरा कुणी काका असला तर बरं, असं वाटलं. मागच्या पायरीवर एक चष्मेवाले गृहस्थ पेपर वाचत होते आणि शेजारी माझी पिशवी होती.

"मी? मी कुठं काय बोललो?"

"'आता बॅकहँडला' म्हणालात. माझं नाव सुब्रमण्यम असलं तरी मी माटुंग्यात वाढलोय, काका. मराठी कळतं मला."

मग कोर्टाकडे वळून त्यांनी इंग्रजीत जाहीर केलं, की मराठेला बाहेरून सूचना मिळाल्याबद्दल पहिली ताकीद.

मराठे म्हणजे माझी भाची वैजयंती. कुसुमची, माझ्या धाकट्या बहिणीची, एकुलती एक लेक. ती मागच्या रेषेपाशी उभी राहून बोटांनी रॅकेटच्या तारा सारख्या करत होती. ताकीद तिला मिळाली होती, अपराध माझा होता. तिनं वर पाहिलं नाही.

मी जीभ चावली. तोंडातली लवंग तर केव्हाच चावून झाली होती.

लवंगेचं असं झालं, की त्या दिवशी सकाळीच ती मला म्हणाली होती, "मामा, आज गप्प बसशील ना? इथं पॉइंट कापतात." आम्ही सोलापुरात एका मठात उतरलो होतो. ओळखीच्या बुवांनी खोली दिली होती. पहाटे भूपाळी, दुपारी वरणभात, आणि वैजूच्या रॅकेटांना देवघराशेजारचा कोपरा. मी म्हटलं, "तोंडात लवंग धरून बसतो. लवंग संपेपर्यंत तोंड उघडणार नाही." ती हसली. "आणि संपल्यावर?" "दुसरी. पुडी भरून घेतलीय."

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. बायकांची टेनिसची एक छोटीशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिथल्या एका क्लबावर भरली होती. वैजू पात्रता फेरीचे दोन सामने जिंकली होती आणि रविवारचा हा तिसरा, शेवटचा. तो जिंकला की मुख्य स्पर्धेत नाव. तिथं एक सामना जरी मारला तरी जगाच्या यादीत, अगदी तळाला का होईना, 'मराठे व्ही.' असं छापून येणार होतं. आणि हरली, तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं आम्ही हुबळीला जाणार होतो. सोमवारी सकाळी दहा वाजता तिला तिथल्या रेल्वे ऑफिसात हजर व्हायचं होतं. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली होती. तारीख आधीच दोनदा वाढवून घेतलेली, आता वाढणार नव्हती.

तिचे वडील श्रीपादराव मिरज स्टेशनातच पार्सल ऑफिसला होते. त्यांनी घरातून निघताना एवढंच सांगितलं होतं, "वैजू, रविवारपर्यंत तुझं. सोमवारपासून माझं." त्यांचंही चुकत नव्हतं. पोर बावीस वर्षांची झाली होती, गावोगाव फिरत होती, आणि हाती काही लागत नव्हतं. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले होते, "नरहरी, तिला खेळू द्या तुम्ही. तुम्हीच खेळू नका."

ते असं का म्हणाले, तर माझ्या एका खोडीमुळे. ती सगळ्या मिरजेला ठाऊक होती.

मला कीर्तनाचं वेड. पोस्टातली नोकरी सांभाळून मी आयुष्यात जेवढी कीर्तनं ऐकली तेवढी पत्रंही वाटली नसतील. राममंदिरात उत्सव लागला की माझी जागा ठरलेली, बुवांच्या डाव्या हाताला, पेटीवाल्याच्या पुढं. आणि बुवा आख्यान रंगात आणून मुद्दाम थांबले, हात वर, डोळे मिटलेले, अख्खं देऊळ श्वास रोखून बसलेलं, की नेमका तेव्हाच त्यांचा पुढचा शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडायचा. बुवा म्हणायचे, "म्हातारीनं दार उघडलं, आणि समोर..." की मी, "देव!" लोक हसायचे. कुसुम चिमटे काढायची. एकदा वासुदेवबुवा झांजा खाली ठेवून हात जोडून म्हणाले, "सोवनी, सगळं ताट तुमचंच आहे. एवढा एक घास तरी मला चावू द्या."

मी मुद्दाम करत नसे हो. गोष्टीवर जीव जडला की ती पुढं कुठं जाणार हे दिसायला लागतं, आणि दिसलं की जीभ थांबत नाही. दुसरं कारण नाही.

तेच टेनिसचं झालं. वैजू दहा वर्षांची असताना श्रीपादरावांना कामातून सवड नसायची, म्हणून मी तिला सायकलवर पुढं बसवून सांगलीला कोर्टावर न्यायला लागलो. आधी नुसता बसून असायचो. मग नगर वाचनालयातून टेनिसचं एक पुस्तक आणलं, ते तीनदा वाचलं. मग बोलायला लागलो. 'मागं जा.' 'आडवा मार.' 'हिला पळव.' पोरीला ते आवडायचं. सर्व्हिस करायच्या आधी ती माझ्याकडे एकदा बघायची, मी ओठ हलवायचो, आणि माझ्या तोंडातला शब्द तिच्या रॅकेटमधून बाहेर पडायचा. कोल्हापूर, बेळगाव, नाशिक, इंदूर. भडंगाचा डबा, पाण्याचा कॅन आणि मी. लहान मुलांच्या स्पर्धांत कोण कुणाला अडवतंय? बारा वर्षं आमचं असं चाललं होतं.

त्या दिवशी समोर ताश्कंदची एक मुलगी होती, नरगिझा. लांबसडक, दोन वेण्या, हसणं नाही की चिडणं नाही. बॉल असा मारायची की काडकन आवाज यायचा. पण बॅकहँड तिचा कच्चा होता. ते मी पहिल्या दहा मिनिटांत हेरलं आणि लवंग गालात सारून वैजूला डोळ्यांनी सांगितलं. पहिला सेट वैजूनं सहा-चार घेतला.

दुसऱ्यात ती ताकीद मिळाली, आणि पोरीचा तोल गेला. बघायची सवय माझ्याकडे, आणि बघायची चोरी. मान वळवायची आणि अर्ध्यातच फिरवायची. सेट गेला, तीन-सहा.

तिसरा सेट. दोन-एकनं नरगिझा पुढं, सर्व्हिस वैजूची, आणि बरोबरी, ज्याला ड्यूस म्हणतात. मी दुसरी लवंग गिळून टाकली होती आणि तिसरी हातात होती. नरगिझानं एक बॉल उंच, जोरात फेकला. वैजू जाळीच्या अलीकडं उभी होती. तिनं रॅकेट वर उचलली, क्षणभर थांबली...

"मार!"

मी ओरडलो. अख्ख्या क्लबात ऐकू गेलं असेल. वैजूनं मारला. बॉल जाळीत.

"अहो, बाहेरच जात होता तो," मागचे चष्मेवाले गृहस्थ पेपर खाली करून म्हणाले.

सुब्रमण्यमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा अपराध, एका पॉइंटचा दंड. एक पॉइंट वैजूनं मारून घालवला होता, दुसरा मी बोलून घालवला, आणि गेम गेला. तीन-एक.

"तिसऱ्यांदा बोललात तर अख्खा गेम जाईल," चष्मेवाले म्हणाले. "तुमची मुलगी का?"

"भाची."

"मग घरी जा की."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलो. खरं सांगतो, त्या पाच-सात मिनिटांत मी रामरायाला जेवढं आळवलं तेवढं उत्सवातही आळवलं नसेल. वैजूनं पुढचा गेम कसाबसा काढला. तीन-दोन. बाजू बदलायची वेळ झाली, तशा दोघी आपापल्या खुर्चीकडे गेल्या. पण वैजू बसली नाही. ती अंपायरच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली आणि मान वर करून काहीतरी बोलायला लागली. सुब्रमण्यम खाली वाकून ऐकत होते. त्यांनी काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली.

मला भरून आलं. पोरगी माझ्यासाठी भांडत होती. 'माझ्या मामाला असं बोलू नका,' म्हणत असणार.

सुब्रमण्यमनी वायरलेसवर कुणाला तरी बोलावलं. निळ्या टोपीतल्या एक रेफ्रीबाई आल्या, अंपायरशी बोलल्या आणि सरळ पायऱ्या चढून माझ्याकडे आल्या.

"काका, तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

"मी आता बोलणार नाही. शपथ घेतो."

"बाहेर, काका. प्लीज."

मी पिशवी उचलली. वैजू खुर्चीत बसून तोंडावर टॉवेल घेऊन होती. ती भांडली होती, तिचं चाललं नव्हतं, असं समजून मी तिला लांबूनच हात केला. टॉवेल हलला नाही.

बाहेर फाटकाला पत्रा ठोकलेला, भिंत डोक्याच्या वर. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फाटकाशी कडुनिंबाच्या सावलीत रखवालदार स्टुलावर बसून विडी ओढत होता. मला बघून त्यानं विडी विझवली.

"साहेब, का बाहेर?"

"घालवलं. फार बोललो म्हणून."

"आरं तिच्या! आमच्या घरी असा नियम लावला तर बायको रोज रस्त्यावर." तो हसला आणि स्टूल मला दिलं. नाव नरसय्या. आधी सुताच्या गिरणीत होता, ती बंद पडल्यावर इथं लागला. "आत तुमची पोरगी खेळतीय?"

"भाची. गप्प, ऐकू दे."

आणि मी ऐकायला लागलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

आधी नुसता गलका वाटला. मग हळूहळू आवाज सुटे झाले. नरगिझाचा फटका कोरडा, फळीवर हातोडा मारल्यासारखा. ठाक्. वैजू बॉलला खालून वर घासून मारायची. तिचा आवाज ओला. फट्ट. मधे बॉल जमिनीला लागल्याचा बारका टप्पा. बारा वर्षं मी तिचा खेळ बघत आलो होतो आणि तिचा बॉल कसा वाजतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि प्रत्येक पॉइंटनंतर सुब्रमण्यमांचा स्वच्छ आवाज. फिफ्टीन, लव्ह.

"लव्ह म्हणजे?" नरसय्यानं विचारलं.

"शून्य."

त्यानं थोडा विचार केला. "बरोबर आहे," म्हणाला.

तीन-तीन. मग चार-तीन, नरगिझा पुढं. मग चार-चार. मी बोटांवर मोजत होतो. नरसय्या मला विचारायचा, "आता काय?" आणि मी सांगायचो, "आता आपली मागं रेटली गेलीय, बॉल लांबून वाजतोय." "आता?" "आता थांब... आता ती पुढं आली." मला स्वतःलाच नवल वाटलं. दोन आवाज एकमेकांच्या जवळ आले होते, फट्ट-ठाक्-फट्ट, श्वास घ्यायला जागा नाही असे. वैजू जाळीपाशी जाऊन खेळत होती. मी तिला जाळीकडं जा असं कधी सांगितलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, की उंची नसलेल्यानं जाळीपासून लांब राहावं.

"असं का करतीय ही?" मी म्हणालो. उठून उभा राहिलो. फाटकाच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा उन्हानं तापलेला.

"साहेब, बोलायचं नाही," नरसय्या म्हणाला.

नववा गेम नरगिझाच्या सर्व्हिसवर होता, आणि तो वैजूनं घेतला. पाच-चार. आता वैजूची सर्व्हिस. हा गेम घेतला की संपलं. पहाटे मठात लावलेला कपाळाचा बुक्का घामानं पुसून गेला होता, तरी मी दोन बोटं कपाळाला लावून तोंडाला लावली.

फिफ्टीन-लव्ह. फिफ्टीन ऑल. थर्टी-फिफ्टीन. थर्टी ऑल. फॉर्टी-थर्टी.

"एकच," मी नरसय्याला म्हणालो. त्यानंही हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

सर्व्हिस झाली. ठाक्. फट्ट. ठाक्. फट्ट. मी मोजत होतो. सहा, सात, आठ. आत कुणी खोकत नव्हतं. अकरा, बारा. दोन्ही आवाज जवळजवळ यायला लागले. वैजू पुढं सरकली होती. तेरा. फट्ट. आणि मग नरगिझाचा, त्या दिवसातला सगळ्यात मोठा. ठाक्!

आणि नंतर काहीच नाही.

वैजूचा आवाज आला नाही. मी वाट पाहिली. नुसता जमिनीवर टप्पा, आणि मागच्या तारेच्या कुंपणाची खणखण. नेमका तेव्हाच चादरींचे गठ्ठे भरलेला एक टेम्पो बोंबलत रस्त्यावरून गेला आणि सुब्रमण्यमांचे शब्द त्यात बुडाले. टाळ्या वाजल्या. पण तिथले लोक भले होते, कुणाच्याही पॉइंटला टाळ्या वाजवत होते. मी परत कान लावला. पुढची सर्व्हिस नाही, आकडा नाही. नुसती माणसांची कुजबुज आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज.

बॉल तिच्या अंगावरून निघून गेला होता. तिला रॅकेटसुद्धा लावता आली नव्हती. सामना चालू असता तर आवाज आले असते. मग काय, मधे एखाददोन गेम माझ्या मोजण्यात चुकले असतील, आकडा उलटा ऐकला असेल, म्हातारे कान. संपलं होतं, आणि तिच्या बाजूनं संपलं नव्हतं.

"काय झालं?" नरसय्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि स्टुलावर बसलो. तिला काय सांगायचं ते जुळवायला लागलो. रेल्वेचीही टीम असते. रेल्वेचे खेळाडू देशातर्फे खेळतात. हुबळीला कीर्तनं कानडीत होत असली तरी मठ चांगले आहेत. असलं काहीबाही.

वीसेक मिनिटांनी फाटक उघडलं. वैजू खांद्यावर बॅग, मान खाली घालून आली. माझ्यासमोर उभी राहिली, पण वर बघेना. गुडघा खरचटलेला, टी-शर्ट पाठीला चिकटलेला.

"मामा, मी आत..."

"हरलीस. कळलं मला," मी म्हणालो. "जाऊ दे गं. रेल्वेची पण टीम—"

"नाही. ऐक ना. मी आत अंपायरना सांगितलं."

"काय?"

"तुला बाहेर काढायला." तिनं बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो. तक्रार मीच केली, मामा. नरगिझानं नाही."

नरसय्या उठला आणि उगीच फाटकाची कडी बघायला लागला.

मला लागलं, खोटं कशाला सांगू? बारा वर्षं. सायकल. इंदूरला तिला ताप असताना रात्रभर बदललेल्या पट्ट्या. आणि ती त्या खुर्चीपाशी मान वर करून माझ्यासाठी नव्हे, माझ्याविरुद्ध बोलत होती.

"आणि मॅच?" मी शेवटी विचारलं.

"जिंकले."

पुढं ती अकरा वर्षं खेळली. त्या मंगळवारी मुख्य स्पर्धेत पहिला सामना मारला आणि यादीत तिचं नाव तळाला लागलं. हुबळीचं पत्र श्रीपादरावांनी परत पाठवलं, आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ती एकटी कैरोला गेली, बँकॉकला गेली, तुर्कस्तानात एकाच गावात सहा आठवडे राहिली. तीनशेच्या आत जाऊन आली. कुठूनही फोन करायची आणि पहिल्यांदा आकडे सांगायची, मग रडायची किंवा हसायची. मी तिच्या सामन्याला पुन्हा कधी गेलो नाही. तिनं नको म्हटलं नाही. मीच विचारलं नाही. आज ती पोरांना शिकवते. मी ब्याऐंशीचा आहे, कानाला यंत्र लावून कीर्तनाला जातो.

पण त्या दुपारी, त्या तापलेल्या फाटकाशी, हे काहीच झालेलं नव्हतं. वैजू समोर उभी होती आणि मी आता काय म्हणतो याची वाट बघत होती. तिला वाटत होतं मी चिडेन. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

मी पिशवीतून कॅन काढला, झाकणात पाणी ओतून तिच्यापुढं धरलं. ती घटाघटा प्यायली. दुसरं झाकण भरलं, तेही प्यायली.

"शेवटचा बॉल," मी म्हणालो. "तुझा आवाज आला नाही मला. काय झालं?"

तिनं तोंड पुसलं. डोळे तसेच ओले, पण त्यात काहीतरी चमकलं.

"तिनं जीव खाऊन मारला. मी जाळीपाशी होते. बॉल इथं आला, बघ, खांद्याच्या वर." तिनं हात उचलून दाखवला. "मी रॅकेट मागं नेली होती, मामा. सगळे बघत होते. आणि मग मी..."

ती थांबली. तिचा हात हवेतच राहिला.

शब्द माझ्या जिभेवर येऊन उभा होता. गरम, तयार. नरसय्यानं माझ्याकडं पाहिलं. मी ओठ मिटले. लवंगेशिवाय मिटले.

"सोडला," वैजू म्हणाली. "मी सोडून दिला. वीतभर बाहेर पडला."